आधी ताबा, मग नाव

सी भाषेतला जुना प्रोग्राम आजच्या लिनक्सवर कंपाइल करायला घेतला की दोनचार वॉर्निंग येतात, त्यांच्याकडे आपण काणाडोळा करतो, आणि अगदी शेवटी लिंकर एक ओळ टाकतो: 'टीएमपीनॅम'चा वापर धोकादायक आहे, त्यापेक्षा 'एमकेएसटेम्प' वापरा. ही एरर नव्हे. प्रोग्राम तयार होतो, चालतो, गिऱ्हाईक पैसे देतं. म्हणून ही ओळ वाचणारे थोडे, आणि वाचून हातातलं काम थांबवणारे त्याहून थोडे.

माझं पोट दुसऱ्यांनी लिहिलेल्या जुन्या सी कोडवर चालतं. तो वाचायचा, नव्या मशीनवर बसवायचा, मोडला की सावरायचा. त्यामुळे ही ओळ वरचेवर भेटते. लिंकर खरं तर मुखदुर्बळ. त्याने तुकडे जोडायचे. तुकड्यात काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पण लिनक्सच्या सी लायब्ररीने काही मोजक्या फंक्शनांना चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे, की यांना कुणी हात लावला तर लिंकरने बोलायचं. 'गेट्स' हे त्यातलं सगळ्यात बदनाम. त्याला २०११ च्या सी मानकातून हाकलून दिलं. 'टीएमपीनॅम' मात्र अजून मानकात ठाण मांडून आहे, आणि तेही लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये 'हे फंक्शन कधीही वापरू नका' असं रोखठोक छापलेलं असताना.

त्याने एवढं वाकडं काय केलं? मागाल तेव्हा ते तात्पुरत्या फाइलीसाठी एक नाव देतं. टेम्प डिरेक्टरीतलं, त्या क्षणी कुणाचंच नसलेलं. ते खोटं बोलत नाही, नाव खरोखरच मोकळं असतं. मानकाने त्याच्याकडे मागितलं तेही एवढंच, आणि तेवढं ते इमानेइतबारे करतं.

तात्पुरत्या फाइलींची गरज युनिक्सइतकीच जुनी. पीडीपी-११ या तेव्हाच्या संगणकावर एका प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, पत्त्यांसाठी ६४ किलोबाइट जागा मिळायची. एवढ्यात मोठी फाइल सॉर्ट करायची तर तुकडे डिस्कवर उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. 'एड' हा एडिटरसुद्धा तुमचा मजकूर टेम्पमधल्या फाइलीत ठेवून काम करायचा. कंपायलरचा एक टप्पा पुढच्या टप्प्याच्या हाती मधला माल फाइलीतूनच सोपवायचा. मशीन एक, त्यावर बसणारी माणसं अनेक, आणि सगळ्यांनी सामान उतरवायची डिरेक्टरीही एकच: स्लॅश टेम्प. दोघांनी एकाच वेळी सॉर्ट चालवलं तर त्यांच्या फाइली एकमेकींवर आदळणार, हे उघड होतं. त्यावरचा उपाय म्हणून १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'एमकेटेम्प' आलं.

ते फंक्शन जेमतेम पंधरावीस ओळींचं आहे आणि वाचायला गंमत येते. तुम्ही त्याला शेवटी काही एक्स लावलेलं एक नाव द्यायचं. ते उजवीकडून डावीकडे जात त्या एक्सच्या जागी प्रोसेसचा नंबर भरतं. मग 'अ‍ॅक्सेस' कॉल करून विचारतं, या नावाची फाइल आहे का? असेल तर एक अंक काढून तिथे 'ए' घालतं, तीही असेल तर 'बी', असं पुढे. अक्षरं संपली तर हात टेकतं आणि नुसता एक स्लॅश परत करतं, म्हणजे रूट डिरेक्टरीचं नाव. आता रूट डिरेक्टरी लिहिण्यासाठी उघडता येत नाही, तेव्हा पुढचा प्रोग्राम आपोआप ठेचकाळेल, असा हिशेब असावा. मला त्या काळच्या या काटकसरीचं अजूनही कौतुक वाटतं. वेगळा एरर कोड नाही, ग्लोबल व्हेरिएबल नाही, एक स्लॅश आणि विषय संपला.

पण या पंधरावीस ओळींत एक फट आहे, आणि पुढची पस्तीसेक वर्षं लोक तीच बुजवत बसले. 'अ‍ॅक्सेस'ने 'नाही, अशी फाइल नाही' असं सांगितलं तो क्षण वेगळा, आणि तुमच्या प्रोग्रामने त्या नावाने फाइल बनवली तो क्षण वेगळा. मधल्या वेळात कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तुमच्या प्रोसेसला बाजूला बसवून दुसरी दहा कामं करून येऊ शकतो.

गावाकडच्या एसटी स्टँडवर ज्याने मे महिना काढलाय त्याला हे वेगळं समजावायला नको. गाडी फलाटाला लागते. खिडकीतून डोकावून तुम्ही पाहता, तिसऱ्या रांगेतली सीट रिकामी आहे. मग मागे फिरून, दारातल्या रेटारेटीतून आत शिरून तिथे पोचता, तर एक आजी ऐसपैस बसलेल्या. तुम्ही पाहिलं ते खोटं नव्हतं, शिळं होतं. म्हणून जाणता माणूस खिडकीतून नुसता डोकावत नाही, हात घालून सीटवर रुमाल टाकतो. तिथे आधीच दुसऱ्याचा रुमाल असेल तर ते त्याच क्षणी कळतं आणि हात पुढच्या खिडकीकडे वळतो. 'टीएमपीनॅम' आणि 'एमकेटेम्प' खिडकीतून डोकावून येतात. रुमाल टाकत नाहीत.

सुरुवातीची बरीच वर्षं ही फट म्हणजे फक्त अपघाताची शक्यता होती, आणि अपघातही असे, की कोड उघडून पाहिल्याशिवाय कुणाला पत्ता लागू नये. एका पतसंस्थेतल्या जुन्या प्रोग्रामचं काम माझ्याकडे आलं होतं. तक्रार अशी, की दिवसअखेरीला कधीतरी एका काउंटरच्या खातेउताऱ्यात अर्ध्यावरून दुसऱ्याच काउंटरचे खातेदार सुरू होतात. महिन्यातून एखाद्या वेळी. प्रिंटर बदलून झाला होता, केबल बदलून झाली होती, एका क्लार्कला 'तुम्हीच चुकीचं बटण दाबता' असं ऐकवूनही झालं होतं. कोडमध्ये तात्पुरत्या फाइलीचं नाव घड्याळावरून बनवलं होतं. सी मधलं 'टाइम' फंक्शन सेकंद मोजतं, सेकंदाच्या आत त्याला काही दिसत नाही. संध्याकाळी साडेपाचला दोन काउंटर एकाच सेकंदात 'छापा' म्हणाले की दोघांचं नाव एकच. दोन प्रोसेस एकाच फाइलीत आळीपाळीने लिहीत होत्या, आणि छापखाना निमूटपणे ते कागदावर उतरवत होता. त्या क्लार्कबाईंची कुणी माफी मागितली की नाही, मला माहीत नाही.

यावर बहुतेक प्रोग्रामरांना पहिला सुचणारा इलाज म्हणजे नावात रँडम आकडा घालणे. रँडम आकड्याचं बी म्हणून पुन्हा 'टाइम' वापरलं, की तोच सेकंद वेगळ्या वेषात परत आला. मला हे इतक्या ठिकाणी सापडलं आहे की आता मी आधी तेच शोधतो. पण समजा चांगला रँडम आकडा घेतला. सहा जागा, आणि प्रत्येक जागेवर इंग्रजीतली लहान अक्षरं, मोठी अक्षरं आणि अंक मिळून ६२ पर्याय. ६२ चा सहावा घात म्हणजे ५,६८० कोटींच्या वर नावं. अपघाती टक्कर व्हायची तर नशीबच खोटं हवं. विंडोजमध्ये तात्पुरतं नाव देणारं जुनं फंक्शन आहे, ते सोळा बिटांवर भागवतं, म्हणजे एका ठरावीक उपसर्गाची एका डिरेक्टरीत ६५,५३५ नावं. जुन्या फाइली कुणी पुसल्या नाहीत तर ती संपतात आणि एका सकाळी प्रोग्राम फाइल बनवायला नकार देतो. लिनक्सच्या सहा अक्षरांपुढे ही ऐपत फारच तोकडी. तरी नावं कोट्यवधी असोत की पासष्ट हजार, ती फट जिथल्या तिथेच राहते. फक्त तिच्यात चुकून पाय पडण्याची शक्यता कमी होते.

चुकून, हा शब्द महत्त्वाचा. कारण पुढे मशीनवर अशीही माणसं आली, ज्यांचा पाय चुकून पडत नव्हता.

टेम्प डिरेक्टरीत कुणालाही लिहिता येतं, ती असतेच त्यासाठी. त्यामुळे तिथे कुणालाही सिम्बॉलिक लिंकही बनवता येते, म्हणजे एका नावाने दुसऱ्याच फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद. आता समजा रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालणारा एक प्रोग्राम आपल्या तात्पुरत्या फाइलीचं नाव प्रोसेस नंबरावरून बनवतो. शेल स्क्रिप्टमध्ये दोन डॉलर चिन्हं लावून हेच करण्याची पद्धत तर घरोघरी होती. लिनक्सवर कित्येक वर्षं प्रोसेस नंबराची मर्यादा मुळातच ३२,७६८ होती. हल्लेखोराला अचूक वेळ साधायची गरजच नाही. तो आदल्या रात्री निवांत बसून सगळ्या शक्य नावांच्या लिंका करून ठेवतो आणि सगळ्यांचं बोट पासवर्डच्या फाइलीकडे वळवतो. दुसऱ्या दिवशी रूटचा प्रोग्राम आपली समजून जी फाइल रिकामी करून लिहायला घेतो, ती त्याची नसतेच. खिडकीतून डोकावणं तरी बरं म्हणायची वेळ. अशा स्क्रिप्टा डोकावतही नव्हत्या.

स्टिकी बिट यावर पुरेसं आहे, असा एक समज मला अजूनही भेटतो. त्या बिटाची कथा मजेची आहे. सत्तरच्या दशकात तो प्रोग्रामांसाठी होता: वारंवार लागणाऱ्या प्रोग्रामचा कोड काम संपल्यावरही स्वॅपमध्ये चिकटून राहावा म्हणून. डिस्क वेगवान झाल्या, ते काम संपलं, आणि ४.३ बीएसडी या बर्कलेच्या युनिक्सने रिकाम्या झालेल्या त्या बिटाला डिरेक्टरीवर नवी नोकरी दिली. या डिरेक्टरीत कुणीही फाइल बनवावी, पण दुसऱ्याची पुसू नये, तिचं नाव बदलू नये. टेम्पच्या परवानग्या १७७७ असतात, त्यातला पहिला एक तोच. पण तो फक्त पुसण्यापासून वाचवतो. तुमच्या आधी येऊन तुमचं नाव बळकावणाऱ्याला तो अडवत नाही. उलट त्याने केलेली लिंक तुम्हाला पुसू देत नाही.

खरा इलाज ओपन या सिस्टिम कॉलच्या पोटात आहे. त्याला 'ओ_क्रिएट' आणि 'ओ_एक्सक्ल' हे दोन फ्लॅग एकत्र दिले की अर्थ होतो: ही फाइल बनव, आणि ती आधीच असेल तर मला नको, एरर दे. पाहणं आणि बनवणं कर्नलच्या आत एकाच दमात होतं, मध्ये कुणी घुसू शकत नाही. त्या नावाची सिम्बॉलिक लिंक असेल, तर ती कुठे का बोट दाखवेना, अगदी अस्तित्वात नसलेल्या जागेकडे दाखवत असली तरी, कॉल फसतो. हाच तो रुमाल.

'एमकेएसटेम्प' त्याच ४.३ बीएसडीमधलं, आणि ते करतं ते एवढंच: नाव बनव, या फ्लॅगांनी उघडून पाहा, फसलं तर दुसरं नाव. लिनक्सची लायब्ररी असे किमान २,३८,३२८ प्रयत्न करते. हा आकडा ६२ चा घन आहे. परत मिळतो तो फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या फाइलीवरचा प्रत्यक्ष ताबा. नाव मिळतं ते बाजूला, तुम्ही दिलेल्याच स्ट्रिंगमध्ये, शेवटच्या सहा एक्सच्या जागी. नवशिके इथे हमखास अडखळतात: स्ट्रिंग म्हणून थेट लिटरल देतात. लायब्ररी त्यात लिहायला जाते, ती जागा असते फक्त वाचण्याची, आणि सेगमेंटेशन फॉल्ट. कॅरेक्टरांचा अ‍ॅरे घ्यावा, काम होतं. फाइलीची परवानगी ०६००, फक्त मालकाला. लिनक्सच्या या लायब्ररीच्या, म्हणजे ग्लिबसीच्या, फार जुन्या आवृत्त्यांत ती ०६६६ असायची, म्हणजे ताबा तुमचा, पण यूमास्क (नव्या फाइलीच्या परवानग्या छाटणारी सेटिंग) ढिला असेल तर वाचायला सगळं गाव.

मग 'टीएमपीनॅम' सरसकट वाईट का? माझं मत थोडं वेगळं आहे. २०११ च्या सी मानकाने 'एफओपन'च्या मोडमध्ये 'एक्स' हे अक्षर आणलं. लिहिण्याच्या 'डब्ल्यू'ला ते जोडलं की तोच 'असेल तर नको' हा अर्थ मिळतो. 'एमकेएसटेम्प' पॉझिक्सचं, म्हणजे युनिक्स घराण्याच्या मानकाचं आहे, सी मानकातलं नाही. जिथे ते नसेल तिथे 'टीएमपीनॅम'कडून नाव घ्या, 'एक्स' लावून उघडा, फसलं तर पुन्हा मागा. एवढं केलं तर निदान दुसऱ्याच्या फाइलीवर तुम्ही लिहिणार नाही. म्हणजे दोष नाव सुचवण्यात नव्हता. दोष होता ताबा घेण्याचं काम दुसऱ्या कुणावर तरी सोडून देण्यात, आणि तो दुसरा कुणीतरी, म्हणजे आपण, ते विसरणार हे गृहीत न धरण्यात. लिंकरला मात्र पुढची ओळ दिसत नाही. तो सरसकट ओरडतो, आणि ओरडावंच.

ही फट किती चिवट आहे हे ड्र्यू डीन आणि अ‍ॅलन हू यांच्या २००४ मधल्या कामावरून कळतं. प्रश्न जरा वेगळा होता: 'अ‍ॅक्सेस'ने परवानगी तपासायची आणि मग 'ओपन' करायचं, या दोघांमधली फट. त्यांनी आधी दाखवलं, की कर्नल न बदलता याला पक्कं आणि सगळीकडे चालणारं उत्तर नाही. मग सुचवलं, की तपासणी एकदाच करण्याऐवजी अनेकदा करा. हल्लेखोराला प्रत्येक फेरी जिंकावी लागेल, तसं होण्याची शक्यता नगण्य. कागदावर छान दिसत होतं. पुढच्याच वर्षी बर्कलेच्या निकिता बोरिसोव्ह, रॉब जॉन्सन, नवीन शास्त्री आणि डेव्हिड वॅग्नर यांनी ते मोडलं. त्यांनी डिरेक्टऱ्या आणि लिंका यांचा एवढा खोल चक्रव्यूह रचला, की कर्नलला तो पार करताना डिस्कवर जावंच लागे आणि प्रोग्राम त्या वेळात झोपी जाई. फट अरुंद असली तर ती ताणून रुंद करता येते, हे त्यांनी चालवून दाखवलं. तेव्हापासून 'इतक्या मायक्रोसेकंदांत कोण काय करणार' असं कुणी मला म्हटलं, की मी वाद घालत नाही, त्या निबंधाची आठवण करून देतो.

शेवटी कर्नललाच हात घालावा लागला. २०१२ मध्ये लिनक्स ३.६ मध्ये एक नियम आला: स्टिकी बिट असलेल्या, सगळ्यांना लिहिता येणाऱ्या डिरेक्टरीत दुसऱ्याने केलेली सिम्बॉलिक लिंक अनुसरायची नाही. लिंकचा मालक आणि तिच्यामागे जाणारा एकच असला, किंवा डिरेक्टरीचा मालकच लिंकचा मालक असला, तरच दार उघडतं. पूर्वी न सुधारलेले हजारो प्रोग्राम एका सेटिंगने बऱ्यापैकी सुरक्षित झाले. शुद्धतावादी नाराज होते, कारण पॉझिक्सने असं काही म्हटलेलं नाही. मला हा नियम आवडतो. सगळे प्रोग्रामर एक दिवस मॅन्युअल वाचतील, या आशेवर सिस्टिम चालवता येत नाही.

नाव हातात असणं आणि फाइल हातात असणं यातलं अंतर इथेही संपत नाही. 'एमकेएसटेम्प'ने रीतसर ताबा दिला, पण प्रोग्राम पुढे तीच फाइल नावाने पुन्हा उघडू लागला, तर काय? सिस्टिमडी, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारी व्यवस्था, असलेल्या मशीनवर टेम्पची झाडलोट होते. मूळ सेटिंग टेम्पमध्ये दहा दिवसांचं, व्हार-टेम्पमध्ये तीस दिवसांचं. पंधरवडाभर चालणाऱ्या एखाद्या गणिताने पहिल्या दिवशी फाइल केली आणि मग तिला हातच लावला नाही, तर ती केराबरोबर जाऊ शकते. डिस्क्रिप्टर उघडा असेल तर फाइल जिवंत राहते, पण ते नाव आता मोकळं झालं, कुणाही तिसऱ्याचं होऊ शकतं. म्हणून जिथे बऱ्याच फाइली लागतात तिथे मी 'एमकेडीटेम्प' पसंत करतो. ते ०७०० परवानगीची अख्खी डिरेक्टरी देतं. आत नावं कशीही ठेवा, दुसऱ्याला प्रवेशच नाही. तिच्यावर 'एफलॉक' लावून ठेवला तर सिस्टिमडीचा झाडू तिला वळसा घालून जातो.

जुन्या जाणत्यांची आणखी एक रीत होती, 'टीएमपीफाइल' हे फंक्शनही तीच वापरायचं: फाइल उघडायची आणि लगेच 'अनलिंक' करायची. नाव गेलं, फाइल राहिली. डिस्क्रिप्टर मिटला की जागा परत. प्रोग्राम मध्येच मेला तरी मागे कचरा नाही. तोटा एवढाच, की नवख्या अ‍ॅडमिनला डिस्क भरलेली दिसते, 'डीयू'ने बेरीज केली तर फाइली सापडत नाहीत, आणि तो रात्रभर भूत शोधत बसतो.

२०१३ च्या लिनक्स ३.११ ने या रीतीचा शेवट गाठला. 'ओ_टीएमपीफाइल' हा फ्लॅग देऊन डिरेक्टरी उघडली की तिथे बिननावाची फाइल मिळते. सुरुवातीपासूनच नाव नाही, तेव्हा टक्कर नाही, लिंक नाही, शर्यत नाही. लिहून पूर्ण झाल्यावर हवं तर 'लिंकॅट'ने तिला नाव द्यायचं, नको तर मिटून टाकायची. गंमत म्हणजे या फ्लॅगबरोबर 'ओ_एक्सक्ल' दिला तर त्याचा अर्थ साफ बदलतो: या फाइलीला पुढे कधीच नाव देता येणार नाही. एवढ्या वर्षांच्या एका फ्लॅगला नवीन अर्थ चिकटवणं मला पटलेलं नाही, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

मी हे पहिल्यांदा वापरायला घेतलं ते एका सेटिंग फाइलीसाठी. जुनी फाइल जागेवर असताना नवी पूर्ण लिहायची आणि एका फटक्यात जुन्याच्या जागी बसवायची, वाचणाऱ्याला अर्धवट मजकूर कधी दिसू नये. बिननावाच्या फाइलीत लिहिलं, 'एफसिंक' केलं, 'लिंकॅट' केलं, आणि एरर आली: त्या नावाची फाइल आधीच आहे. बरोबरच होतं. 'लिंकॅट' कुणाचं नाव हिसकावून घेत नाही, ते काम फक्त 'रीनेम' करतं. आणि 'रीनेम'ला आधी एक नाव लागतं. म्हणजे बिननावाच्या फाइलीला अगोदर त्याच डिरेक्टरीत कुठलं तरी तात्पुरतं नाव द्यायचं, दुसऱ्या कुणाचं नसलेलं, आणि मग तिला खऱ्या नावावर सरकवायचं. ते फंक्शन मी लिहिलं तेव्हा त्यात सहा यादृच्छिक अक्षरं बनवणारा एक लूप होता, 'लिंकॅट' फसलं की पुढचं नाव घेणारा.